मनगटावरचा प्रयोग

माणसाच्या पाच ज्ञानेंद्रियांत नाकाइतकी हेळसांड दुसऱ्या कुठल्याही इंद्रियाची होत नाही. डोळ्यांसाठी चित्रकला आहे, कानांसाठी गाणं आहे, जिभेसाठी तर गावोगाव खाऊगल्ल्या आहेत. शिवाय या सगळ्यांना समीक्षक आहेत. गवयाचा पंचम किंचित उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. नायकाने विंगेत बघून वाक्य उचललं तर समीक्षक त्याला जन्मभर सोडत नाहीत. नाकाच्या वाट्याला मात्र नुसते वाक्प्रचार आले. नाक मुरडणे, नाक घासणे, नाक कापणे, नाकाने कांदे सोलणे आणि शेवटी नाकी नऊ येणे. भाषेने एवढं राबवून घेतलेल्या अवयवाला स्वतःचा एक समीक्षक मिळू नये, हा अन्याय आहे. तो दूर करायचं मी मनावर घेतलं आहे.

माझी पात्रता विचाराल, तर मी बी.कॉम. आहे आणि बीडमधल्या एका बँकेत रोखीच्या खिडकीत बसतो. नोटा मोजणाऱ्या माणसाचं नाक आपोआप तयार होतं. नोट मोंढ्यातून आली की मटणाच्या दुकानातून, म्हातारीच्या कनवटीतून आली की लग्नातल्या आहेराच्या पाकिटातून, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. मिरचीच्या व्यापाऱ्याचा भरणा मोजताना तर माझ्यासकट रांगेतली चार माणसं शिंकतात. इतक्या वर्षांच्या साधनेनंतर मी नाही समीक्षक व्हायचं तर कोणी?

परीक्षणासाठी निवडलेला प्रयोग रोज सकाळी अकरा ते रात्री नऊ या वेळात जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात होतो. दुकानाचं नाव सांगत नाही. पुढे मी काय काय लिहून बसेन याचा माझा मलाच भरवसा नाही. कपडे, बूट, भांडी आणि गव्हाचं पीठ हे सगळं एका छपराखाली विकणाऱ्या या दुकानात शिरल्याशिरल्या उजव्या हाताला एक पांढरं टेबल आहे. त्यावर अंगाला लावायच्या सुगंधी वस्तू मांडलेल्या असतात. फवारे, लोशनं, मलमं, अंग धुवायचे पातळ साबण. टेबलामागे काळा शर्ट आणि काळी पँट घातलेली एक मुलगी उभी असते. आपण पिठाच्या दिशेने निघालो की ती हसून म्हणते, "सर, फक्त दोन मिनिटं. ट्राय करून बघा. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही." आपण "नको, नको" म्हणेपर्यंत मनगटावर फुस्स झालेलं असतं.

याला ते लोक डेमो म्हणतात. शुद्ध मराठीत प्रात्यक्षिक. मी प्रयोग म्हणतो, कारण हा शब्द नाटकालाही चालतो आणि प्रयोगशाळेतल्या उंदरालाही. त्या टेबलापाशी दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. नाटक ती मुलगी करते, उंदीर आपण असतो.

आता ही कला काही आजची नाही. पॅरिसमधली एक गोष्ट सांगतात. फ्रान्स्वा कोटी नावाचा एक होतकरू अत्तरवाला १९०४ च्या सुमारास आपलं गुलाबाचं अत्तर घेऊन तिथल्या एका मोठ्या दुकानात गेला. दुकानदार बाटलीला हातही लावेना. तेव्हा कोटीच्या हातून ती बाटली पडली, किंवा त्याने पाडली, यावर अजून एकमत नाही, पण घमघमाट सुटला आणि बायका "हे कुठलं?" करत धावल्या. कोटी पुढे कोट्यधीश झाला. पुढे १९७६ साली इंग्लंडमधल्या ब्रायटन गावी अनिता रॉडिक या बाईंनी 'द बॉडी शॉप' हे लहानसं दुकान काढलं, तेव्हा त्या दुकानाकडे येणाऱ्या फुटपाथवर स्ट्रॉबेरीचा अर्क शिंपडत असत. माणसं वासामागून दुकानात येत. त्यांच्या कंपनीचं दुकान २००६ साली भारतातही आलं. आमच्या बीडच्या फुटपाथवर ही युक्ती चालणार नाही. तिथे आधीच इतके वास पडलेले आहेत की स्ट्रॉबेरी लाजून परत जाईल.

पण त्यासाठी पॅरिसला कशाला जायचं? आमचा बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्य गेलं, शिष्टाचार मागे राहिला. उरुसात, लग्नात अत्तराचा फाया अजून फिरतो. बशीरगंजात एक अत्तरवाले चाचा आहेत. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत शिरलं तर चाचांना बाहेर यावं लागतं. ते काचेच्या कांडीने आपल्या पालथ्या हातावर एक थेंब टेकवतात आणि म्हणतात, "साब, लगाके जाओ. घूमके आओ. घंटेभर के बाद बात करेंगे." पहिल्यांदा मला वाटलं, हे मला हाकलतायत. इतकं गिऱ्हाईक टाळणारा दुकानदार मी त्यापूर्वी फक्त आमच्या बँकेत पाहिला होता.

आणि घरगुती प्रयोग म्हणाल तर हळदीकुंकू. दाराशी बसलेली मुलगी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या पालथ्या हातावर अत्तराचं बोट फिरवते, दुसरी गुलाबदाणी शिंपडते. कोणी कोणाला "कसं वाटतं?" विचारत नाही, आणि कोणी कोणाच्या हाताकडे निरखून बघत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

परंपरा सांगून झाली. आता परीक्षण.

नेपथ्य उत्तम. पांढरं टेबल, पांढरा उजेड, मागे आरसा. आरशात आपण आपल्या वयापेक्षा पाच वर्षांनी म्हातारे दिसतो, तो बहुधा नेपथ्याचाच भाग असावा. पार्श्वसंगीत कर्कश. पण खरा दोष संहितेत आहे, आणि तो कळायला बी.कॉम. लागतं.

आम्हांला कॉलेजात घसारा शिकवला होता. वस्तू विकत घेतल्या दिवसापासून तिची किंमत उतरत जाते, आणि ती वहीत कशी उतरवायची याच्या दोन पद्धती. एकीत दरवर्षी सारखी रक्कम कमी करायची. दुसरी ऱ्हासमान शेष पद्धत, तीत सुरुवातीला धाडकन, मग हळूहळू. सुगंध ही वस्तू या दुसऱ्या पद्धतीने उतरते. एका बाटलीत एक वास नसतो, अनेक असतात आणि ते वेगवेगळ्या गतीने उडतात. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास पाच-दहा मिनिटांत पसार होतात. गुलाब-मोगऱ्यासारखे फुलांचे वास काही तास टिकतात. चंदन, वाळा असले जड वास सगळे पाहुणे गेल्यावर सतरंज्या घड्या करायला थांबणाऱ्या नातेवाइकांसारखे शेवटपर्यंत राहतात. त्यात फवाऱ्यात अल्कोहोल असतं. ते उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं, म्हणून मनगटाला गार गार वाटतं. बाहेर बेचाळीस अंश असताना नुसत्या त्या गारव्यासाठी माणूस बाटली घेईल.

म्हणजे टेबलापाशी आपल्याला दाखवतात ते पाहुणे वेगळे, आणि रात्री घरी मुक्कामाला राहतात ते वेगळे. दोन मिनिटांत वास, तिसऱ्या मिनिटाला बिल. पुढच्या सहा तासांची हमी कोणीच घेत नाही. नाटकाचा पहिला अंक दाखवून तिन्ही अंकांचे पैसे घेण्यासारखं आहे हे. चाचांच्या "घंटेभर के बाद"चा अर्थ मला तेव्हा कळला. ते पहिल्या अंकावर तिकीटच लावत नाहीत.

दुसरा दोष पात्रांच्या गर्दीचा. या मनगटावर एक, त्या मनगटावर दुसरा, कोपरावर तिसरा, मग कागदाच्या पट्ट्यांवर चौथा आणि पाचवा. नाक तिसऱ्यालाच थकतं. वास घेण्यामागची यंत्रणा इतकी गुंतागुंतीची आहे की ती उलगडल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक या दोन शास्त्रज्ञांना २००४ साली नोबेल मिळालं. एकाच वासाचा मारा चालू राहिला की ही यंत्रणा त्याची दखल घेणं सोडून देते. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो, तो यामुळेच. आता टेबलावर एका वाटीत कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात. "हे हुंगा सर, नाक फ्रेश होईल." २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे तपासलं होतं, कॉफी हुंगून नाकाला जेवढी मदत झाली, तेवढी साध्या हवेनेही झाली. मी त्या मुलीला हे सांगितलं नाही. वाटीत निदान कॉफी तरी खरी होती.

तिसरा दोष स्थळकाळाचा. एका शनिवारी अंग धुवायच्या पातळ साबणाचा प्रयोग चालला होता. पसाभर फेस करून मुलगी म्हणाली, "रोज दोनदा, शॉवरखाली." टेबलाभोवती आम्ही सातआठजण उभे होतो. शॉवर हा शब्द ऐकून सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक करुण भाव आला. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो आणि तो दिवस सणासारखा पाळतात. आमच्या शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. एवढा फेस उतरवायला तीन तांबे जास्तीचे. घरात माणसं चार, आंघोळी दोन. म्हणजे रोज चोवीस तांबे. गर्दीतले एक फेटेवाले आजोबा फेसाकडे बघून म्हणाले, "बाई, ह्यो बिगर पाण्याचा मिळतो का?" एवढी नेमकी समीक्षा मला जमलेली नाही.

इतकं सगळं ज्ञान मला कुठून आलं, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. आमच्या सौ.लाही पडला. तिथूनच खरी गोष्ट सुरू होते.

बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्या दोन दिवशी मी पीठ आणायच्या निमित्ताने त्या दुकानात जात असे, आणि प्रयोग बघून, म्हणजे करवून घेऊन, परत येत असे. विकत काही घेत नसे. 'घ्यायलाच पाहिजे असं काही नाही' या वाक्यावर माझा गाढ विश्वास. महिन्यातले दोन शनिवार मी फुकट सुगंधी असायचो. परंतु घरी काय दिसत होतं? नवरा महिन्यातून नेमके दोन शनिवार बाहेर जातो, दोन तासांनी येतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या शर्टाला निराळ्या बाईचा वास येतो. चार महिने सौ. काही बोलली नाही. पाचव्या महिन्यात तिने पिठाचा डबा माझ्यासमोर आदळला आणि विचारलं, "गव्हाच्या पिठाला मोगऱ्याचा वास कधीपासून यायला लागला?"

निर्दोषत्व सिद्ध करायला मी तिला त्या शनिवारी दुकानात घेऊन गेलो. वाचकहो, जगातल्या सगळ्या मूर्ख कल्पना निर्दोष माणसांनाच सुचतात.

मुलगी मला बघताच हसली. "या काका! आज कोणता लावू? मॅडम, काका आमचे रेग्युलर आहेत. घेत काही नाहीत, पण येतात न चुकता." मागे उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. सौ.चा संशय फिटला, आणि तिच्या जागी माझ्याबद्दल जे काही आलं त्यापेक्षा संशय बरा होता.

मग मुलगी सौ.कडे वळली. "मॅडम, हात द्या ना."

सौ.ने हात पुढे केला, पालथा. हळदीकुंकवाला करतात तसा. बावीस वर्षं ज्वारीच्या भाकरी थापलेला, धुण्याच्या साबणाने उललेला, तव्याचे दोन डाग मिरवणारा हात. मुलीने तो उलटा केला, त्यावर अंगठा फिरवला आणि चारचौघांत स्वच्छ आवाजात म्हणाली, "मॅडम, स्किन खूपच रफ झालीय. काही लावत नाही का तुम्ही?"

सौ. एरवी उत्तराला कमी पडणारी बाई नाही. वरचं पिठाचं वाक्य वाचलंत ना? पण त्या वेळी ती काही बोलली नाही. तिने हात हळूच काढून घेतला आणि पदराखाली धरला.

तुम्ही अकबर-बिरबलाची गोष्ट ऐकली असेल. बादशहाच्या हातून अत्तराचा एक थेंब गालिच्यावर सांडला आणि त्याने खाली वाकून तो बोटाने टिपायला घेतला. बिरबलाने पाहिलं. बादशहा ओशाळला. दुसऱ्या दिवशी आपला दिलदारपणा दाखवायला त्याने अख्खा हौद अत्तराने भरवला आणि लोकांना मोकळा केला. तेव्हा बिरबल म्हणाला, जी बुंद से गई वो हौद से नहीं आती. मला ही गोष्ट तोंडपाठ होती. तरी मी खिशातून पाकीट काढलं आणि बादशहाच्या आवाजात म्हणालो, "कितीला ते लोशन? द्या एक." आठशे नव्व्याण्णव रुपये. एवढा महाग हौद बिरबलानेही पाहिला नसेल.

घरी आल्यावर सौ.ने बाटली न फोडता शोकेसमध्ये ठेवली, शाळेच्या ढालीशेजारी. त्या रात्री मी पाणी प्यायला उठलो तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून तळहातावर दुधाची साय चोळत होती. मला बघून तिने हात पाठीमागे नेला. मी पाणी न पिताच परत आलो.

समीक्षकाने वैयक्तिक रागलोभ बाजूला ठेवावेत म्हणतात. मला ते जमेना. मी त्या मुलीवर संतापलो होतो. पण वाचनालयात बसून थोडं चाळल्यावर कळलं की हे वाक्य तिच्याही फार आधीचं आहे. १९१९ साली अमेरिकेतल्या 'लेडीज होम जर्नल' या मासिकात ओडोरोनो नावाच्या घाम थांबवणाऱ्या औषधाची जाहिरात आली होती. बायकांच्या काखेला वास येतो आणि तो त्यांना स्वतःला कळत नाही, असं तिने प्रथमच उघड सुचवलं. सुमारे दोनशे बायकांनी संतापून अंक बंद केला. आणि औषधाचा खप वर्षभरात ११२ टक्क्यांनी वाढला. तेव्हापासून या धंद्यात एक ठरून गेलं. आधी गिऱ्हाइकाला त्याच्या अंगाची लाज वाटू द्यायची, मग त्या लाजेवरचा उतारा विकायचा. सुगंध हे एक निमित्त.

दोन महिन्यांनी, पगाराच्या आठवड्यात, माझ्या खिडकीसमोर एक ओढणी गुंडाळलेली मुलगी आली. तिने विथड्रॉवल स्लिप आत सरकवली. स्लिपला लव्हेंडरचा वास होता. मी वर पाहिलं.

"काका! तुम्ही इथे असता?"

मी मोठ्या आढ्यतेने स्लिप तपासली. आता खिडकीच्या आत मी होतो आणि बाहेर ती. सही जुळत नाही म्हणून परत पाठवता आली असती. जुळत होती. गिऱ्हाइकाच्या खात्यातली शिल्लक बाहेर सांगायची नाही असा बँकेचा नियम आहे, म्हणून आकडा सांगत नाही. एवढंच सांगतो की ती बाटली स्वतःसाठी घ्यायची म्हटली तर तिला त्या टेबलामागे तीन दिवस उभं राहावं लागलं असतं.

"तुमच्याकडे आता कोणता नवा वास आलाय?" मी विचारलं. आवाजात जरा विष होतं.

"काय की काका," ती म्हणाली. "मला दुपारनंतर कोणताच येत नाही. गुलाब काय न् फिनेल काय. घरी गेल्यावर माय म्हणती, लांब बस, तुझ्या वासानं डोकं दुखायलंय. मला तर तोबी येत नाही."

माझ्या हातातली नोटांची गड्डी थांबली. हे मला ठाऊक होतं. सकाळी पहिलं बंडल सोडताना त्या नोटा पैसे असतात. दुपारी तीनपर्यंत ते कागद होतात. लाख काय आणि दहा हजार काय, बोटांना काही कळत नाही. कळलं असतं तर कुठलाच रोखपाल संध्याकाळी सायकलवर बसून शांतपणे घरी गेला नसता.

मी विष गिळलं आणि त्या शनिवारचं विचारलं. तिला आठवत होतं. ती खाली बघून म्हणाली, "ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलंय काका. आधी स्किनचा प्रॉब्लेम सांगायचा, मग प्रॉडक्ट. तसं नाही बोललं तर सुपरवायझर लिहून घेतो." मग नोटा पर्समध्ये ठेवता ठेवता म्हणाली, "माझ्या मायचे हात बघा एकदा. दहा वर्षं कारखान्यावर ऊस तोडलाय तिनं. मॅडमचे काहीच नाहीत."

मागची रांग कुरकुरायला लागली होती. ती गेली.

तेव्हा आता निकाल. नटी दोषी नाही. आवाज स्वच्छ, उभं राहण्याची ढब चांगली, दहा तास सलग प्रयोग आणि मध्ये जेमतेम अर्ध्या तासाचा मध्यंतर. दोष संहिता लिहिणाऱ्याचा आहे, आणि तो कुठल्या तरी मोठ्या शहरात गारव्यात बसलेला असल्यामुळे त्याच्यापर्यंत टाळ्याही पोचत नाहीत आणि कुजके टोमॅटोही. त्याच्यासाठी माझ्या चार सूचना.

एक, फवारण्याआधी विचारावं आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबावं. दोन, एका माणसाला एका वेळी एकच वास द्यावा. तीन, "घंटेभर के बाद या" म्हणायची हिंमत ठेवावी. ज्याच्या मालात तिसरा अंक आहे त्याला ही भीती वाटायचं कारण नाही. चार, कोणाचा हात हातात घेतला तर त्याच्याबद्दल बोलू नये.

पाचवी सूचना दुकानदाराला आहे. टेबलामागे एक स्टूल ठेवावं. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानातल्या नोकरांना बसायची सोय मिळाली पाहिजे असा कायदा केला. मी स्वतः वीस वर्षं बसून नोकरी करतो आहे, तेव्हा अनुभवाने सांगतो की बसल्याने माणसाचं काम बिघडत नाही. आमच्या बँकेतल्या कामाबद्दल तुमचं मत वेगळं असेल, पण त्याचं कारण खुर्ची नाही.

घरी येऊन मी सौ.ला सगळं सांगितलं. ती भाकरी करत होती. परातीवरचा हात थांबला नाही, पण तो आवाज जरा हळू झाला. भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "ती शोकेसमधली बाटली तिला नेऊन द्या. आईला लाव म्हणावं."

चौथ्या शनिवारी मी बाटली घेऊन गेलो. मुलगी घाबरली. "काका, रिटर्न चालत नाही हो!" तिला समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात सुपरवायझर दोनदा चक्कर मारून गेला. फुकट वास घेणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं होतं. विकत घेतलेला माल फुकट परत देणारं पहिल्यांदाच पाहत असावा.

तिथून मी बशीरगंजात गेलो. मातीचं अत्तर मागितलं. ते कनौजला करतात. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळायचे आणि ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची, की पहिल्या पावसाचा वास कुपीत येतो. चंदन परवडेनासं झाल्यापासून पुष्कळजण स्वस्त पॅराफिन वापरतात. चाचांनी ते न विचारता सांगितलं आणि त्यातली बरी कुपी काढून दिली. म्हणाले, दुष्काळाच्या साली माणसं नुसती हे हुंगायला यायची. घेत कोणी नसे. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणायचात?" चाचा म्हणाले, "क्या बोलना साब? सूंघने के कहां पैसे होते हैं."

माझे दोन शनिवार मला आठवले आणि मी मुकाट्याने पैसे दिले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सौ.ने तेच अत्तर ठेवलं होतं. गल्लीतल्या पंचवीस-तीस बायका आल्या. भाकरीचे हात, धुण्याचे हात, शिलाई मशिनीचे हात, एक शाळेतल्या खडूचा. प्रत्येक हात पालथा पुढे आला आणि त्यावरून अत्तराचं बोट फिरलं. कोणाच्या हाताबद्दल कोणी काही बोललं नाही. गप्पा नळाच्या वाराच्या चालल्या होत्या.

सगळ्या गेल्यावर मी आत आलो. कुपीत शेवटचं थोडं उरलं होतं. सौ. म्हणाली, "हात बघू." मी मनगट पुढे केलं. तिने ते उलटं केलं आणि पालथ्या हातावर बोट ओढलं.

"कसंय?"

"एका तासाने सांगतो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि सतरंजी झटकायला दुसरं टोक माझ्या हातात दिलं.